खुर्ची आणि कुंडली

मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने मरोळ नाका, हा माझा रोजचा रस्ता. मार्च सरत आला की महिलांच्या डब्यातले बोलणे बदलते. कोणाला बढती मिळाली, कोणाची बदली झाली, कोणाच्या डोक्यावर नवा साहेब आला, हे सुरू होते. "आमच्याकडे नवीन मॅनेजर आलेत," असे कोणी म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला. "रास कुठली गं त्यांची?" "वृश्चिक." "मग जपून राहा बाई. मनात धरून ठेवतात ही माणसं." तिसरी सांगते, "आमची मॅडम कन्या. रिपोर्टात एक स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवते." चौथीचा साहेब सिंहेचा, म्हणून सगळे श्रेय स्वतःकडे घेतो. विक्रोळी येईपर्यंत चार कचेऱ्यांचे चार साहेब चार राशींत बसवून झालेले असतात.

या बोलण्याला मी हसत नाही. ज्याच्या हातात आपली रजा, पगारवाढ आणि दिवसभराची मनःशांती असते, तो माणूस कसा आहे हे आधी कळावे असे कोणाला वाटणार नाही? अंधेरी-मरोळच्या कारखान्यांत आणि पुढे काचेच्या इमारतींतल्या कचेऱ्यांत मनुष्यबळ विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. माणूस निवडणे, माणूस बढतीला लावणे हेच काम. त्यामुळे डब्यातला तो प्रश्न मला टेबलापलीकडूनही ऐकू आला आहे. कधी मालकाने विचारला, कधी संचालकाने, कधी स्वतः उमेदवाराने.

या प्रश्नाचे तीन पदर आहेत. नेतृत्वाबद्दल ज्योतिष नेमके काय सांगते? ते तपासून पाहिले तेव्हा काय निघाले? आणि राशीवर विश्वास ठेवून कचेरीत निर्णय घेतले की माणसांचे काय होते? पहिल्या दोन पदरांवर भरपूर लिहिले गेले आहे. तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची किंमत हाडामांसाची माणसे मोजतात.

रास म्हणजे नेमकी कोणती?

आधी एक साधी अडचण. मराठी माणसाला रास एक नसते. आजीने सांगितलेली रास चंद्राची. जन्मवेळी चंद्र ज्या राशीत असेल ती आपली जन्मरास, आणि नक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. इंग्रजी पुस्तकांतून आणि मोबाइलवरून आलेली रास सूर्याची. ती महिनाभर टिकते. तिसरी लग्नरास, म्हणजे जन्मक्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी. ती साधारण दर दोन तासांनी बदलते. डब्यातली "साहेबांची रास" यांतली कोणती, हे कोणी विचारत नाही.

सूर्यराशीतही दोन पद्धती आहेत. पाश्चात्त्य ज्योतिषी वसंतसंपातापासून मोजतात, म्हणून त्यांचा सूर्य २१ मार्चच्या सुमारास मेषेत जातो. आपली पंचांगे ताऱ्यांच्या संदर्भाने, निरयन पद्धतीने मोजतात, म्हणून आपला सूर्य मेषेत जायला १४ एप्रिल उजाडतो. दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच सुरू होते आणि तिळगूळ मात्र आपण जानेवारीच्या १४-१५ला वाटतो, तो याच अंतराचा परिणाम. जे. आर. डी. टाटांचा जन्म २९ जुलै १९०४चा. इंग्रजी हिशेबाने ते सिंहेचे, आपल्या पंचांगाने त्यांचा रवी कर्केत. "सिंह आहे म्हणून नेता झाला" असे म्हणणाऱ्याने आधी एवढे ठरवायला हवे. शिवाय २९ जुलै हा मुसोलिनीचाही जन्मदिवस, १८८३ सालचा. विमान कंपनी उभारणारा उद्योगपती आणि इटलीचा हुकूमशहा, दोघांची सूर्यरास एकच.

आणि जन्मतारीख तरी खरी असते का? मी मरोळच्या एका कारखान्यात लागले तेव्हा कामगारांच्या वाढदिवसांची यादी करायला बसले होते. बाकी तारखांपुढे एखाद-दुसरे नाव आणि १ जूनपुढे नावांची रांग. ज्यांनी साताऱ्याकडची, कोकणातली, मराठवाड्यातली गावे पाहिली आहेत त्यांना याचे कारण सांगायला नको. घरी जन्माची नोंद नसायची, जूनमध्ये शाळा उघडायची आणि नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकायचे. म्हणूनच सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निरोपसमारंभांची गर्दी उसळते. कागदोपत्री ही सगळी माणसे इंग्रजी हिशेबाने मिथुनेची. त्यांच्या आयांना विचाराल तर कोणी भातलावणीत झालेला, कोणी दिवाळीच्या तोंडावर.

परंपरेचा दरबार

ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत 'नेतृत्वशैली' हा शब्द नाही. तिथे राजदरबार आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त रवी आणि चंद्र राजे आहेत, मंगळ सेनापती, बुध युवराज, गुरू आणि शुक्र मंत्री आणि शनी सेवक. कुंडलीतले दहावे घर कर्मस्थान. अधिकार, हुद्दा, मानमरातब तिथे पाहायचा. सहावे घर नोकरी, शत्रू आणि आजाराचे. साहेब व्हायचे तर दशमात रवी किंवा मंगळ बलवान हवा, शनी दशमात असेल तर उशिरा पण टिकाऊ अधिकार, असे अडाखे आजही आपल्या उपनगरांतल्या ज्योतिष कार्यालयांत सांगितले जातात. चर राशींची माणसे नवे काम सुरू करणारी, स्थिर राशींची टिकवणारी, द्विस्वभाव राशींची जुळवून घेणारी, ही वर्गवारी त्यातलीच.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतीय ज्योतिषाचा इतिहास तपासला तो आजही पहिल्या प्रतीचा मानला जातो. नक्षत्रे वेदांइतकी जुनी आहेत. मेष, वृषभ ही बारा राशींची नावे मात्र वेदांत नाहीत. वराहमिहिर स्वतःच मेषेला 'क्रिय', वृषभेला 'ताबुरि', सिंहेला 'लेय' अशी यवनी नावेही देतो. 'होरा' आणि 'केंद्र' हे शब्दही ग्रीकांकडून आलेले. ज्याला आपण अस्सल आपले समजतो त्यात जगभरच्या लोकांची देवाणघेवाण मुरलेली आहे. त्यात कमीपणा नाही. पण "आपल्या ऋषींनी सांगितले आहे" एवढे म्हणून राशीची चर्चा संपवता येत नाही.

डब्यातला "वृश्चिक साहेब" मात्र वराहमिहिराकडूनही आलेला नाही. १९३० साली लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'ने नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटचे भविष्य आर. एच. नेलर यांच्याकडून लिहून घेतले. ते वाचकांना एवढे आवडले की वृत्तपत्री भविष्याची प्रथा पडली. लाखो वाचकांची जन्मवेळ विचारणे शक्य नव्हते, म्हणून नुसत्या जन्मतारखेवर भागणारी सूर्यरास सोयीची ठरली. १९६८मध्ये अमेरिकेत लिंडा गुडमन यांचे 'सन साइन्स' आले. त्यात प्रत्येक राशीचा पुरुष, स्त्री आणि मूल यांच्याबरोबर त्या राशीचा बॉस आणि त्या राशीचा नोकर अशी वेगळी प्रकरणे आहेत. मुंबईच्या पदपथांवर हे पुस्तक वर्षानुवर्षे विकले गेले. साहेबाला राशीत बसवायची आपली आजची तऱ्हा मुख्यतः तिथली. वर चंद्रराशीचे आणि साडेसातीचे देशी अस्तर लागले, इतकेच.

तपासून पाहिले तेव्हा

या विषयावरची महत्त्वाची चाचणी आपल्याच महाराष्ट्रात झाली. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केले. २०० मुलांच्या कुंडल्या मांडल्या होत्या. त्यांतली १०० मुले शाळेत हुशार म्हणून निवडलेली, १०० मतिमंद मुलांच्या शाळांतली. कुंडली पाहून मूल कोणत्या गटातले एवढेच सांगायचे. पन्नासएक ज्योतिष्यांनी तयारी दाखवली आणि २७ जणांनी उत्तरे पाठवली. प्रत्येकाकडे ४० कुंडल्या होत्या. नाणे उडवले तरी निम्मी उत्तरे बरोबर यावीत. ज्योतिष्यांची सरासरी ४६ टक्के आली. सर्वांत चांगली कामगिरी ४०पैकी २४ची. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली. २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

काही ज्योतिष्यांचे म्हणणे असे की बुद्धी हा कुंडलीचा विषयच नव्हे, स्वभाव आहे. मला तो आक्षेप ऐकून घेण्यासारखा वाटतो, कारण साहेबाच्या खुर्चीचा संबंध स्वभावाशीच असतो. पण स्वभावाच्याही चाचण्या झाल्या आहेत. १९८५ साली शॉन कार्लसन यांनी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्योतिष्यांना एक कुंडली आणि तीन माणसांचे स्वभावचाचणीचे निकाल दिले होते. कुंडली त्यांतल्या कोणाची ते ओळखायचे. प्रयोगाची आखणी ज्योतिष्यांच्या सल्ल्याने झाली होती. तीनात एक एवढेच उत्तर बरोबर आले, म्हणजे अंदाजाइतकेच. या प्रयोगाच्या हिशेबावर पुढे वादही झाले. फ्रान्समध्ये मिशेल गोकलँ यांनी आयुष्यभर हजारो नामवंतांच्या जन्मवेळा गोळा केल्या. खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ कुठे असतो याबद्दल त्यांना काही आढळल्याचा त्यांचा दावा आजही वादात आहे. पण राशी आणि माणसाचा व्यवसाय यांचा संबंध त्यांनाही सापडला नाही, आणि ते तर ज्योतिषाबद्दल आपुलकी असलेले संशोधक होते.

२००३मध्ये जेफ्री डीन आणि इव्हान केली यांनी लंडनमध्ये मार्च १९५८च्या एका आठवड्यात जन्मलेल्या २,०००हून अधिक मुलांची जमवलेली माहिती तपासली. त्यांतली बरीच मुले एकमेकांच्या काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेली, म्हणजे जवळजवळ एकाच कुंडलीची. बुद्धी, स्वभाव, वागणूक, आवडीनिवडी अशा शंभराहून अधिक बाबींत ती एकमेकांसारखी निघायला हवी होती. तशी निघाली नाहीत.

आपल्या प्रश्नाला सर्वांत नेमके भिडणारे काम चीनमधले आहे आणि ते २०२०मधले. जॅक्सन लू आणि त्यांचे सहकारी यांना आढळले की तिथे कन्या राशीच्या माणसांना कटकटी, खुसपटे काढणारी समजतात आणि लग्नात तसेच नोकरीतही त्यांना नाकारतात. राशीविद्या चीनमध्ये पश्चिमेकडून अलीकडे आली. कन्येचे चिनी भाषांतर 'कुमारिका' अशा अर्थाचे झाले आणि अविवाहित, नखरेल स्त्रीबद्दलचे सगळे पूर्वग्रह त्या राशीला चिकटले. मग त्यांनी १,७३,७०९ माणसांचा स्वभाव आणि ३२,८७८ नोकरदारांची कामगिरी राशीनिहाय तपासली. राशीचा ना स्वभावाशी संबंध निघाला ना कामाशी. पूर्वग्रह खरा होता, गुण खोटा. हे वाचताना मला डब्यातली "कन्या मॅडम" आठवली. सिंह म्हणजे राजा, विंचू म्हणजे डंख, तराजू म्हणजे समतोल. स्वभाव आपण राशीच्या नावातून वाचतो, ताऱ्यांतून नव्हे.

मार्चमधले सीईओ

एक निष्कर्ष पहिल्या दृष्टीस राशीच्या बाजूचा वाटेल. अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातल्या, १९९२ ते २००९ या काळातल्या ३७५ सीईओंचे जन्ममहिने एका अभ्यासात पाहिले. मार्चमध्ये जन्मलेले १२.५३ टक्के, एप्रिलमध्ये १०.६७. जूनमध्ये फक्त ६.१३ आणि जुलैमध्ये ५.८७. मीन-मेषेला खुर्ची जास्त आणि मिथुन-कर्केला कमी, असे कोणीही म्हणेल.

कारण मात्र शाळेच्या फाटकापाशी सापडते. प्रवेशाची तारीख अशी असते की जून-जुलैची मुले वर्गात वयाने सर्वांत लहान ठरतात आणि मार्च-एप्रिलची मोठ्यांत मोडतात. पाच-सहा वर्षांच्या वयात काही महिन्यांचे अंतर फार असते. मोठे मूल आधी वाचते, आधी उत्तर देते, म्हणून त्याला वर्गाचा मॉनिटर करतात, संघाचा कप्तान करतात. पुढाकाराची सवय त्याच्या अंगात मुरते आणि तीच पुढे खुर्चीपर्यंत येते. जन्ममहिना महत्त्वाचा ठरला तो आपण केलेल्या नियमामुळे. तो नियम बदलला की 'भाग्यवान' महिनाही बदलेल.

तरी पटते का?

१९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभावचाचणी दिली आणि आठवड्याने प्रत्येकाला 'तुमचे वर्णन' म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग उघड झाले की कागद सगळ्यांना एकच होता आणि त्यातली वाक्ये स्टॉलवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. "तुम्ही वरून कणखर असता, आतून मात्र कधीकधी शंका वाटते." कोणता साहेब हे नाकारेल?

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. १९७८मध्ये हान्स आयझेंक आणि सहकाऱ्यांना विषम राशींची माणसे थोडी जास्त बहिर्मुख आढळली. ज्योतिष्यांना आनंद झाला. पुढच्या अभ्यासांत दिसले की हा फरक आपली रास काय सांगते हे ठाऊक असलेल्यांतच आढळतो. माणूस स्वतःबद्दल उत्तर देताना राशीकडे बघून देतो. लहानपणापासून "सिंहेचा आहे, कोणाचे ऐकणार नाही" असे कौतुकाने ऐकलेला मुलगा मोठेपणी खरोखरच ऐकत नाही. राशीचा परिणाम होतो तो या मार्गाने.

तिसरे कारण साडेसाती. शनी चंद्रराशीच्या आधीच्या, त्या आणि पुढच्या राशीत असेपर्यंतची साडेसात वर्षे. म्हणजे कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. चाळीस माणसांच्या कचेरीत दहाएक जण सतत साडेसातीत. कोणाचे काही बिघडले की चारात एकाला कारण तयार मिळते.

आणि चौथे कारण मला सर्वांत मानवी वाटते. पत्रिका पाहणारा माणूस पाऊणएक तास समोरच्याचे ऐकून घेतो. आमच्या कचेऱ्यांत किती साहेब पाऊण तास एखाद्याचे ऐकतात? ताणाखालचा माणूस तिकडे वळतो तेव्हा त्याला कोणाशी तरी बोलायचे असते. ती गरज खरी आहे आणि ती कचेरीनेच भागवायला हवी.

खुर्ची वाटली जाते तेव्हा

काही वर्षांपूर्वी अंधेरीतल्या एका कंपनीत मी होते. एका विभागाला प्रमुख हवा होता. दोन उमेदवार शेवटपर्यंत पोहोचले. एकीने दोन वर्षे तो विभाग प्रत्यक्षात चालवला होता. दुसरा हुशार होता, पण त्या कामात नवा. दोघांच्या मुलाखती झाल्या, माझ्या टिपणात तिचे नाव वर होते. मग वरून निरोप आला की दोघांच्या जन्मतारखा, वेळा आणि गावे पाठवा. मी पाठवल्या. चार दिवसांनी त्याची निवड झाली. त्याची रास सिंह, क्षत्रिय वर्णाची, अधिकाराला योग्य. तिची कुंभ.

त्या दिवशी घरी येऊन मी पंचांगातले अवकहडा चक्र उघडले. पत्रिका जुळवताना आपण ते पाहतो, पण वाचत नाही. प्रत्येक राशीपुढे वर्ण लिहिलेला असतो. कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. मेष आणि सिंह जन्मजात नेते, कन्या आणि मकर चोख कामगार, ही जी यादी आपण सहज म्हणतो तिच्याखाली हा चौकोन उभा आहे. त्या बाईंना नाकारताना कोणी जात विचारली नव्हती. पण जन्माच्या घटकेवरून माणसाची पायरी ठरवायची रीत तीच होती. फुले आणि आंबेडकरांच्या महाराष्ट्रात ती बढतीच्या फायलीतून परत आली आणि मी तिला वाट करून दिली. "ही माहिती निवडीसाठी देता येणार नाही," असे एक वाक्य मी लिहायला हवे होते. ते मी लिहिले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

कायदा इथे फार मदत करत नाही. राज्यघटनेचे १६वे कलम सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेदभाव करू देत नाही. खासगी कचेरीत कुंडली मागणाऱ्याला ते अडवत नाही. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा ज्योतिषाच्या सल्ल्याला लागू नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१मध्ये ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले, त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये फेटाळले. त्याच निकालाचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २०११मध्ये ज्योतिषाविरुद्धची एक याचिका निकाली काढली. वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे ५१-अ कलमात प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. पण कर्तव्याची अंमलबजावणी न्यायालय करत नाही. ती तुम्हाआम्हाला टेबलावर करावी लागते.

याचा अर्थ श्रद्धावानांशी भांडण नव्हे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली 'कालनिर्णय' दिनदर्शिका माझ्या स्वयंपाकघरात आजही लटकते आणि तिच्यावर दूध-पेपरचा हिशेब लिहिला जातो. साळगावकर स्वतः ज्योतिषी होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले आणि त्याच सकाळी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. दोघेही या महाराष्ट्राचे. घरात काय मानायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. दुसऱ्याच्या पोटाचा निर्णय घेताना मात्र पुरावा द्यावा लागतो.

मग साहेब ओळखायचा कसा?

भारतीय विद्या भवन दिल्लीत ज्योतिषाचे वर्ग चालवते, आणि अंधेरीच्या आवारात तिचीच एस. पी. जैन संस्था १९८१पासून व्यवस्थापन शिकवते. पवईला १९६३पासूनची नीटी ही संस्था २०२३मध्ये आयआयएम मुंबई झाली. म्हणजे नेतृत्वाचा अभ्यास आपल्या उंबरठ्यावर आहे. उमेदवार निवडण्याच्या पद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा श्मिट आणि हंटर यांनी १९९८मध्ये घेतला आणि पॉल सॅकेट यांच्या गटाने २०२२मध्ये त्याचा हिशेब नव्याने मांडला. ठरलेल्या प्रश्नांची, सगळ्यांना सारखीच घेतलेली मुलाखत आणि कामाचा प्रत्यक्ष नमुना या पद्धती दोन्हींत विश्वासार्ह ठरल्या. हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याचा उपयोग जवळजवळ शून्य निघाला.

कचेरीत हे करायला खर्च येत नाही. निकष आधी लिहून ठेवावेत. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारावेत. हाताखालच्या दोन माणसांचे मत घ्यावे. जन्मतारीख नेमणूक झाल्यावर, भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जासाठी मागावी. आणि कोणी वेळ-गाव मागितलेच, तर मी लिहिले नाही ते एक वाक्य लिहावे.

माझ्या पाहण्यातला सर्वांत मोठा नेता त्या १ जूनच्या रांगेतला होता. मरोळच्या कारखान्यातले आमचे फोरमन काका. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी वही असे. कोणाचा हात कोणत्या मशीनवर बसला आहे, कोणाच्या मुलीची दहावी आहे, कोणाला रात्रपाळी झेपत नाही, सगळे पेन्सिलीने लिहिलेले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा आमच्या फाटकाशी दुपारीच कमरेएवढे पाणी होते. सगळ्यांना घर गाठायचे होते. काकांनी आधी वीज तोडली, सगळ्यांना वरच्या मजल्यावर घेतले आणि वही काढून एकेक नाव पुकारले. दोघे कमी भरले. ते स्वतः दोर बांधून खाली गेले आणि गोदामातून त्यांना घेऊन आले. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि पहाटेपर्यंत एकालाही खाली उतरू दिले नाही. मी त्या मजल्यावर होते. त्या रात्री आमच्यातले कोणीही गेले नाही.

निवृत्तीच्या दिवशी, ३१ मेला, मी त्यांना विचारले होते, "काका, तुमचा खरा जन्म कधीचा?" ते म्हणाले, "आई सांगायची, लावणी चालू होती आणि पाऊस लागला होता. एवढंच ठाऊक." त्यांची कुंडली कोणालाच मांडता आली नसती. त्यांची वही मात्र मी मागून घेतली, ती माझ्या खणात आहे. आता डब्यात कोणी "रास कुठली गं साहेबांची?" असे विचारले की मी तिला दुसरा प्रश्न विचारते. "तुझं नाव त्यांना पाठ आहे का?"